अडतीस माणसांची आडनावं

रावेत,
६ जानेवारी २०२५

ति. मामास,
सप्रेम जय भीम.

हे पत्र कस्तुरामावशींच्या पिशवीतून येतंय. सकाळी त्या आमच्या बिल्डिंगमध्ये स्वयंपाकाला येतात, दुपारी काळेवाडीला तुमच्या गल्लीत परत जातात, मग टपालखात्याला कशाला त्रास द्यायचा? फोन का केला नाही, असं विचाराल. मामा, तुम्ही फोन स्पीकरवर ठेवता. मागच्या वेळी मी तुम्हाला माझ्या पगारवाढीचं सांगत होते आणि मध्येच समोरच्या घरातून कुणीतरी "एवढीच?" म्हणालं. आता जे सांगायचंय ते ऑफिसचं आहे, बाहेर जाता कामा नये, आणि तुमच्या गल्लीला कळलेलं चाकणच्या तुमच्या जुन्या कंपनीत कळायला एक शिफ्टसुद्धा लागत नाही.

तुम्ही ज्या कंपनीच्या टाइम ऑफिसातून निवृत्त झालात, त्याच कंपनीचं काम आमच्याकडे आलंय. तिथल्या कंत्राटी कामगारांपैकी ज्यांची सलग दहा वर्षं भरली आहेत त्यांना कायम करायचं ठरलंय. कुणाची किती वर्षं भरली ते जुन्या गेट-रजिस्टरांतून काढायचं. आणि त्या रजिस्टरांत नावांचा नुसता शिमगा आहे. कुणी आडनाव आधी लिहिलंय, कुणी नाव आधी. एकच माणूस तीन वर्षांत तीन तऱ्हांनी आलाय. अशा चौदा हजार नोंदी. त्या हाताने लावायच्या म्हटल्या तर ते कामगार रिटायर होतील आणि मीही.

म्हणून आम्ही एक मॉडेल बनवतोय. मॉडेल म्हणजे एक प्रोग्राम. त्याला लाखभर नावं दाखवायची. ती पाहून पाहून तो शिकतो, की नावाच्या दोन-तीन शब्दांपैकी नाव कुठलं आणि आडनाव कुठलं. त्याला खण दोनच, नाव आणि आडनाव; मधला शब्द तो गाळून टाकतो. हुशार आहे, पण नवा भरती झालेल्या ट्रेनीइतकाच. शब्दाच्या शेवटी 'कर' दिसलं की तो आडनाव म्हणून मोकळा होतो. बिहार-यूपीकडच्या ऐंशी जणांच्या नावापुढे कुमार आहे, तर ते सगळे एकाच घरातले आहेत असं त्याचं प्रामाणिक मत आहे.

तुम्ही बत्तीस वर्षं हजेरीवर बसलात. रोज शेकडो नावं लिहिलीत. नाव कुठलं आणि आडनाव कुठलं, हे तुम्ही कसं ओळखत होतात? जरा नीट आठवून सांगा. मामींना नमस्कार.

तुमची,
अंजली


काळेवाडी,
८ जानेवारी

चि. अंजलीस,
जय भीम आणि अनेक मंगल कामना.

पत्र मिळालं. पाकीट उघडं होतं. कस्तुरा म्हणते मला वाचता येत नाही, पण "कुमारांचं लई मोठं खटलं हाय म्हणं" हे तिनेच मला सांगितलं. यापुढे डिंक लाव.

शब्दाच्या शेवटी 'कर' असलं की आडनाव, हे त्या यंत्राला कुठल्या शहाण्याने शिकवलं? आपल्या गल्लीत दिनकर आहे. त्याचा भाऊ प्रभाकर, मेहुणा मधुकर. या तिघांना बिचाऱ्यांना पहिलं नाव नाहीच का? बारश्याला आत्या काय म्हणाली असेल मग त्यांच्या कानात? तुमचा पगार ऐकून मला वाटलं होतं तुम्ही काहीतरी मोठं करता.

आता माझी पद्धत ऐक. यंत्राला जमेल असं वाटत नाही. मी माणसाला नाव विचारायचो आणि मान खाली घालून नुसता ऐकायचो. स्वतःचं नाव सगळे सारख्याच आवाजात सांगतात. बापाच्या नावालाही फार फरक पडत नाही. आडनावाला मात्र आवाज बदलतो. कुणाचा चढतो, कुणाचा पडतो. कुणी आडनाव सांगून झाल्यावर एक क्षण थांबतो आणि समोरच्याच्या तोंडाकडे बघतो. जिथे आवाज बदलला तिथे आडनाव सुरू झालं. बत्तीस वर्षांत माझी एकदाही चूक झाली नाही. कार्ड न बघता, पेन न उचलता सांगायचो.

तुझ्या रजिस्टरांत नुसती शाई आहे, आवाज नाही. तेव्हा तुमचं काम अवघड आहे खरं.

एक सांगतो, ती जुनी रजिस्टरं फार उकरू नका. दोन हजार आठ ते बाराची तर नकोच. त्या खोलीत पाणी शिरलं होतं, कागद कुजलेत, हाताला खाज सुटते. मामी म्हणतेय रविवारी जेवायला ये. सुकट करणार आहे म्हणून सांग म्हणाली.

तुझा मामा,
बुद्धरत्न


रावेत,
१३ जानेवारी

ति. मामास,
सप्रेम जय भीम.

डिंक लावलाय, वर सेलोटेपही. मावशींनी पाकीट उजेडात धरून पाहिलं आणि मला "विश्वास न्हाई का?" असं विचारलं.

तुमची आवाजाची पद्धत मी आमच्या टीमला सांगितली. अनिश, म्हणजे आमचा टीम लीड, फार खूश झाला आणि फळ्यावर 'आवाज' असं लिहून त्याने त्याला गोल केला. तो तसा चांगला आहे. फक्त परवा मीटिंगमध्ये म्हणाला, आडनाव हा आपल्यासाठी निव्वळ एक कॉलम आहे, आम्ही तर ते बघतही नाही. मी रुजू झाले त्या दिवशी नुसतं 'अंजली' असं सांगितलं होतं, तेव्हा "पुढे?" असं त्याने दोनदा विचारलं होतं. 'अंजली डोळस' म्हटल्यावर थांबला.

आता आनंदाची बातमी. मॉडेल शंभरातली सत्त्याण्णव नावं बरोबर लावतंय. कुमारांचं खटलं विभक्त झालं. दिनकर, प्रभाकर, मधुकर यांची बारशी पुन्हा केली.

अडलंय ते अडतीस जणांपाशी. या अडतीस जणांना आडनावच नाही. दोन शब्द आहेत, दोन्ही पहिली नावं. उदाहरणार्थ, कोंडाजी धोंडीबा. यात कोंडाजी नाव की धोंडीबा? मॉडेल म्हणतं, निम्मं निम्मं. मग ते 'अपूर्ण नोंद' असा शिक्का मारतं, आणि पुढची सगळी वर्षंही त्याच अर्ध्या नावावर चालत आल्याने त्यातलं एकही त्या माणसाच्या खात्यावर जोडत नाही. म्हणजे माणूस सोळा वर्षं कामावर असला तरी यादीत त्याची वर्षं भरतच नाहीत. कंपनी दहा फेब्रुवारीला यादी बंद करणार. जो त्यात नाही तो कायम होणार नाही, आणि पुन्हा अशी यादी निघेल असं कुणालाच वाटत नाही.

आणि मामा, हे सगळे घोळ एकाच काळातल्या भरतीतले आहेत, तुम्ही म्हणालात तेच दोन हजार आठ ते बारा. पाणी वगैरे काही लागलेलं नाही, फोटो काढणारा म्हणाला पानं कोरी करकरीत आहेत. मला वाटतं त्या वेळी टाइम ऑफिसात कुणीतरी महाआळशी कारकून होता. तिसरा शब्द लिहायचा म्हणजे बाबाच्या हाताला फोड येत असणार. तुम्ही त्याच ऑफिसात होतात, तुम्हाला माहीत असेल. नाव सांगा, म्हणजे मी निदान मनातल्या मनात शिव्या तरी नीट पत्त्यावर घालीन.

तुमची,
अंजली


काळेवाडी,
१४ जानेवारी

चि. अंजलीस,
जय भीम.

तुला ज्याची माहिती नाही त्याच्याबद्दल असं लिहू नये. टाइम ऑफिसातला कारकून आळशी असेल तर पगाराच्या दिवशी त्याला लोक जिवंत ठेवत नाहीत. त्या माणसाचं अक्षर पाहिलंस का? पाहा. असं अक्षर आळशी माणसाचं असतं का?

त्याने एखादा शब्द लिहिला नसेल तर त्याचं काही कारण असेल. तू चार वर्षं नोकरी केलीस आणि बत्तीस वर्षांवाल्याला फोड आणतेस.

काम काय ते सांगतो. तुझ्या यंत्राला एवढंच सांग की दुसरा शब्द तेच आडनाव. धोंडीबा हे आडनाव. झालं. कुणाला विचारायची गरज नाही, कुणाला सांगायची गरज नाही.

त्या अडतिसांत समाधान आहे का तेवढं कळव. आपल्यापासून तिसरं घर. खंडूचा मुलगा, रंगखात्यात आहे. त्याला मीच चिकटवला होता. एक्केचाळीसचा झाला, घरात म्हातारी आई, दोन पोरं, तेव्हा सहज विचारतोय.

मामा


रावेत,
२० जानेवारी

मामा, जय भीम.

समाधान खंडू. आहे. यादीत एकोणिसावा.

तुम्ही अक्षर पाहा म्हणालात म्हणून मी मूळ पानांचे फोटो उघडले. फार सुंदर अक्षर आहे. प्रत्येक ओळीच्या शेवटी नोंद करणाऱ्याची छोटी सही आहे, 'बु. नि.' माझ्या पहिलीपासून दहावीपर्यंतच्या प्रत्येक पुस्तकावर ज्या हाताने नाव घातलं तो हात मला ओळखू येणार नाही का, बुद्धरत्न निकाळजे?

मी तुम्हाला आळशी म्हटलं, माफ करा. पण आता राग दुसऱ्याच गोष्टीचा आलाय. तुम्ही दोन पत्रं माझ्याशी त्या कारकुनाबद्दल अशा थाटात बोललात की जणू तुम्ही त्या गावचेच नाही. पाणी शिरलं म्हणे. खाज सुटते म्हणे.

मी सगळी अडतीस नावं आधारकार्डांच्या नावांशी ताडून पाहिली. जी आडनावं तुम्ही गाळलीत त्यातली एकतीस आपल्या लोकांची आहेत. ते मला कळतंय, किंवा कळतंय असं वाटतंय. पण उरलेल्या सातांत एक पाटील आहे, एक शिंदे आहे, एक चक्क जोशी. कोंडाजी पाटलाचं आडनाव गाळून तुम्ही काय मिळवलंत?

दुसरा शब्द आडनाव म्हणून धरायला मॉडेलला सांगता येईल. दहा मिनिटांचं काम आहे, आणि नोंद अपूर्ण होती हे कुणाला कळणारही नाही. पण कंपनीचं म्हणणं, अपूर्ण नोंदींसाठी मूळ नोंद करणाऱ्याचं सहीचं पत्र पाहिजे, की ही आणि आधारकार्डावरची माणसं एकच आहेत. म्हणजे तुमचं. तेव्हा आता खरं काय ते लिहा. मी कुणाला दाखवणार नाही. मावशींनाही नाही.

अंजली


काळेवाडी,
२५ जानेवारी

चि. अंजलीस,

पाच दिवस झाले, चार वेळा लिहून फाडलं. मामी विचारतेय कुणाला प्रेमपत्र लिहिताय.

रंगखात्याच्या मागे एक हौद आहे. गाड्यांच्या दरवाज्यांना रंग मारला की उरलेला रंग पाण्यातून तिथे जातो आणि तळाला गाळ साचतो. तेव्हा तो गाळ माणूस उतरवून काढायचे. मास्क म्हणून रुमाल. वर आल्यावर दोन दिवस जेवण जायचं नाही. दोन हजार आठ साली नवी भरती सुरू झाली. मी कार्डं तयार करून रंगखात्याच्या सुपरवायझरच्या टेबलावर ठेवायचो. तो एकेक कार्ड उचलायचा आणि दोन गठ्ठे करायचा. डावा आणि उजवा. तोंडाने एक शब्द बोलायचा नाही. उजवा गठ्ठा लाइनवर जायचा, डावा हौदावर. पहिल्या आठवड्यात माझ्या लक्षात आलं की तो फक्त तिसरा शब्द वाचतोय. बाकी कार्डावर वय होतं, शिक्षण होतं, आयटीआय होतं. तिकडे त्याची नजरसुद्धा जायची नाही.

तक्रार कुणाकडे करणार? तो तर काही बोललाच नव्हता. गठ्ठे करणं हा गुन्हा आहे का? मग मी तिसरा शब्द लिहिणंच बंद केलं. त्याने कार्ड उलटंसुलटं केलं, मला विचारलं, पुढचं कुठे गेलं? मी म्हटलं, साहेब, नवीन फॉर्मॅट आलाय, जागा कमी आहे. मग तो गाव विचारायला लागला, तर मी सगळ्यांचं गाव 'पुणे' लिहिलं. खूप मजा यायची तेव्हा, खोटं कशाला बोलू. तो कार्डं पत्त्यांसारखी पिसत बसायचा आणि मी समोर चहा पीत.

नुसती आपलीच आडनावं गाळली असती तर 'आडनाव नसलेला' हीच एक जात झाली असती आणि त्याने तोच डावा गठ्ठा केला असता. म्हणून मध्ये मध्ये एखाद्या पाटलाचं, एखाद्या शिंद्याचंही आडनाव गाळलं. जोशी माझ्याकडून जरा जास्तच उत्साहात झाला. त्यांना मी विचारलं नाही. आपल्या लोकांनाही विचारलं नाही. विचारलं असतं तर चर्चा झाली असती आणि चर्चा झाली की टाइम ऑफिसात कळतं.

समाधान आला तेव्हा सुपरवायझरला त्याचं काय करावं तेच कळेना. तीन दिवस त्याला गेटवर बसवून ठेवलं. चौथ्या दिवशी रंगाच्या लाइनवर घेतलं. त्या रात्री मी मामीला हॉटेलात जेवायला नेलं होतं, कारण सांगितलं नव्हतं. सोळा वर्षं झाली, त्याला रोज सकाळी कामावर जाताना बघतो आणि मनात म्हणतो, याला मी हौदातून वर ठेवलाय. माझ्या आख्ख्या नोकरीत मी एवढी एकच गोष्ट केली. बाकी नुसती हजेरी.

आता तीच त्याच्या मुळावर आलीय. मी सहीचं पत्र दिलं तर त्यात सगळं लिहावं लागेल आणि गल्लीला कळेल की बुद्धरत्नने तुमची आडनावं पुसली. ज्या समाजाने माणसाला ताठ मानेने नाव सांगायला शिकवलं, त्याच समाजातल्या कारकुनाने ते झाकून ठेवलं. काय तोंड दाखवू? तू ते दहा मिनिटांचं काम करून टाक. एवढं ऐक.

मामा


रावेत,
२७ जानेवारी

ति. मामास,
सप्रेम जय भीम.

तुमचं पत्र ऑफिसच्या बाथरूममध्ये वाचलं. रडले, आणि जोश्यापाशी हसले. बाहेर आले तर अनिशने विचारलं, डेटा करप्ट झाला का?

मामा, मला तुमचा अभिमान वाटतो आणि तुमचा रागही येतो, दोन्ही एकाच वेळी. दहा मिनिटांचं काम मी करणार नाही. केलं तर कायमच्या कार्डावर, पीएफवर, पुढे पोरांच्या कागदांवर तो 'समाधान खंडू'च राहील, कारण तुम्ही आणि मी दोघांनी मिळून तसं ठरवलं. सुपरवायझरने त्याला न विचारता गठ्ठ्यात टाकलं असतं. तुम्ही त्याला न विचारता गठ्ठ्यातून काढलंत. आता मीही न विचारता खणात टाकू का?

तिसऱ्या घरात जा आणि विचारा. दहा फेब्रुवारीला यादी बंद होते.

अंजली


रावेत,
४ फेब्रुवारी

मामा, आठ दिवस झाले. मावशी म्हणतात तुम्ही रोज समाधानच्या दारापर्यंत जाता, पाण्याच्या टायमाबद्दल बोलता आणि परत येता. सहा दिवस राहिले.

अं.


काळेवाडी,
६ फेब्रुवारी

अंजलीताईस,
समाधान ओव्हाळचा सप्रेम जय भीम.

आपली ओळख म्हणजे तुम्ही मामांकडे येता तेव्हा मी गल्लीत गाडी पुसत असतो, एवढीच. मला पत्र लिहायची सवय नाही, चुकलं तर सांभाळून घ्या. मामा लिहिणार होते, पण ते म्हणाले आता तू लिही, माझ्या हातून पुष्कळ लिहून झालं.

परवा ते आमच्याकडे आले. खाटेवर बसले. आईने चहा दिला. तो झाला तरी बसले, मग दुसरा दिला. तिसऱ्या चहाला माझी बायको आत येऊन मला हळूच विचारायला लागली, यांचं मामींशी भांडण झालंय का. मग ते एकदम सगळं बोलले. हौद, गठ्ठे, माझं आडनाव. बोलताना माझ्याकडे बघत नव्हते, समोरच्या कॅलेंडरकडे बघत होते.

मी म्हटलं, "मामा, मला ठाऊक व्हतं."

त्यांना पटेना. मग मी त्यांना जे कधी कुणाला सांगितलं नव्हतं ते सांगितलं. पहिल्याच दिवशी सुपरवायझरने मला बाजूला घेऊन विचारलं होतं, पुढं काय लावतोस? मी सांगितलं, ओव्हाळ. आणि हेही सांगितलं की मी रंग मारायला आलोय, हौदात उतरणार नाही. त्याने मला तीन दिवस गेटवर बसवलं. मी बसलो. चौथ्या दिवशी रंगवाला आला नाही आणि गाडी अडली, म्हणून मला आत घेतलं. मी मारलेला दरवाजा त्याने उन्हात नेऊन आडवा-उभा पाहिला. त्यानंतर त्याने मला काही विचारलं नाही. सोळा वर्षं मी त्या लाइनवर माझ्या हाताने आहे.

मामा आधी चिडले. म्हणाले, सोळा वर्षं मला सांगितलं नाहीस? मी म्हटलं, तुम्ही रोज सकाळी माझ्याकडं बघून इतकं खूश व्हता, कशाला सांगायचं. मग ते उठले, दारापर्यंत गेले आणि परत येऊन खाटेवर बसले. मला वाटलं बरं नाही का काय त्यांना. मग म्हणाले, "मग मी केलं काय रे एवढ्या वर्षांत?"

ताई, माझा बाप खंडू पिंपरीच्या एका कारखान्यात गटारं काढायचा. एकवीस वर्षं. तिथं त्याला कुणी नावाने हाक मारली नाही. 'ए' म्हणायचे, नाहीतर नुसतं बोट दाखवायचे. तो गेला तेव्हा कारखान्यातून एक माणूस पाच मिनिटं येऊन गेला, त्याने बाहेर विचारलं, गटारवाल्याचं घर कुठलं. मी तेव्हा अठरा वर्षांचा होतो.

मग मी चाकणला लागलो. गेटवरचा वॉचमन रजिस्टर बघून शिफ्टला नावं पुकारायचा. समाधान खंडू. मोठ्याने, शेदोनशे माणसांत. सुपरवायझर ओरडायचा, समाधान खंडू. साहेब लोक म्हणायचे, समाधान खंडू. ज्यांनी माझ्या बापाला कधी नाव विचारलं नसतं, ते रोज त्याचं नाव घेत होते आणि त्यांना माहीतही नव्हतं. आता अंगठ्याचं मशीन आलंय, तरी अंगठा ठेवला की पडद्यावर तेच येतं. कधी कधी मी उगाच दोनदा ठेवतो.

हे मी मामांना सांगितलं. म्हटलं, तुम्ही हे केलंत. मामा रडले. माझी आई पण रडली, तिला तर हे काहीच माहीत नव्हतं.

त्यानंतर त्यांनी आमच्याच घरी बसून अडतीस जणांची आडनावं लिहून काढली. एका बैठकीत, कुठलंही रजिस्टर न बघता. एकही अडलं नाही. मग दोन दिवस आम्ही माझ्या गाडीवरून घरोघर जाऊन प्रत्येकाला विचारलं, कारण मामा म्हणाले या वेळेला विचारल्याशिवाय नाही. कासारवाडीला कोंडाजी पाटील भेटला. त्याने पाच मिनिटं मामांना शिव्या दिल्या. मग म्हणाला, "म्हणूनच कॅन्टीनात मला कुणी पाटील म्हणत न्हवतं व्हय." मग चहा पाजला. जोशी हसतच सुटला, त्याने सांगितलं की मीही गाळात दोनदा उतरलोय, का ते आत्ता कळलं. मामांनी त्याची मात्र हात जोडून माफी मागितली.

मामांचं सहीचं पत्र सोबत जोडलंय. त्यात त्यांनी कारण खरं लिहिलंय, गठ्ठ्यांसकट. अडतीस जणांचे अर्जही आहेत.

आता माझं. मामा म्हणाले तुमच्या मशीनला दोनच खण आहेत, नाव आणि आडनाव, मधला शब्द ते गाळून टाकतं. मी अर्जावर तीन शब्द लिहिलेत. ओव्हाळ माझ्या आजोबांपासून चालत आलंय, ते पाहिजे. पण त्याच्यासाठी खंडू काढू नका. ताई, कायम व्हायचं मला फार आहे, पोरांची फी आहे, आईचं दुखणं आहे, खोटं बोलत नाही. पण तिसरा खण नसेल तर माझा अर्ज परत पाठवा. मी आहे तसाच बरा.

आपला,
समाधान खंडू ओव्हाळ


रावेत,
१० फेब्रुवारी

समाधानदादांस,
सप्रेम जय भीम.

तिसरा खण केला. तुमचं पत्र मी, तुमची परवानगी न घेता, अनिशला वाचून दाखवलं, त्याबद्दल माफी असावी. त्याने ते माझ्या हातातून घेऊन पुन्हा एकदा स्वतः वाचलं. मग म्हणाला की मधला शब्द गाळायचा हा निर्णय त्याचाच होता, बाहेरून आणलेल्या प्रोग्राममध्ये दोनच खण होते आणि तिसऱ्याची गरज काय असं त्याला वाटलं होतं. दोन रात्री तोही माझ्याबरोबर ऑफिसात बसला आणि चौदा हजार नोंदी आम्ही पुन्हा चालवल्या.

बापाच्या नावाला जागा मिळाल्याबरोबर मॉडेल एकदम शहाणं झालं. तुमच्या अडतीस जणांबरोबर आणखी एकशे बारा जणांची वर्षं जुळली, जी आम्ही हरवली होती आणि आम्हाला पत्ताही नव्हता. हे मामांना सांगा, पण फोनवरून नको, गल्लीत मिरवणूक निघेल.

कंपनीने संध्याकाळी यादीवर सही केली. सुपरवायझरच्या गठ्ठ्यांची चौकशी करू असं तिथल्या मॅडम म्हणाल्या. करतील की नाही माहीत नाही, मी पाठ सोडणार नाही.

यादी उद्या सकाळी सातला गेटवर लागेल. छापील आहे, तिन्ही शब्दांची. एकोणिसाव्या ओळीवर तुमच्या वडिलांचं नाव आहे. आईंना घेऊन जा.

आपली,
अंजली